बसता न येणारं जहाज

अमिरातीतल्या खोर फक्कान बंदराच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरवाला आणि एसी दुरुस्तीवाला यांच्या मधल्या गाळ्यात नागेश मेस्त्री जहाजं बांधतो. त्याचं सगळ्यात मोठं जहाज दोन माणसांनी उचलून टेम्पोत ठेवता येतं. गाळ्याच्या मागच्या दारातून बंदराच्या क्रेन दिसतात आणि क्रेनखाली खरी जहाजं, इमारतीएवढी, डब्यांवर डबे रचलेली. नागेश तिकडे फारसा बघत नाही. त्यात सुताराचं काही काम नाय, असं त्याचं मत आहे, आणि त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

तो आला तेव्हा कामाला खऱ्याच होड्या होत्या. विजयदुर्गजवळच्या गिर्ये गावात त्याचे वडील मच्छीमारांच्या होड्या बांधत. तीच विद्या घेऊन नागेश इथल्या लाकडी बोटी दुरुस्त करायला आला. मग फायबरच्या बोटी आल्या. त्यांना भोक पडलं तर सुतार लागत नाही, डबाभर राळ लागते. त्याचा अरबाब, म्हणजे मालक, व्यवहारी माणूस. त्याने कुणाला काढलं नाही, फक्त बोटी लहान केल्या. ज्या बोटींवर त्याच्या आज्याने मोत्यांसाठी समुद्र धुंडाळला, त्या आता काचेच्या पेटीत बसून हॉटेलांच्या लॉबीत जातात, किंवा निवृत्त होणाऱ्या साहेबांना भेट म्हणून मिळतात. आपल्याकडे शाल-श्रीफळ देतात तसंच. घेणाऱ्याला दोन्हीचं करायचं काय, हा प्रश्न सारखाच पडतो.

गाळ्यावरच्या खोलीत दोन खाटा आहेत. दुसरी हारुनची. तो श्रीवर्धनचा, रंगारी. गुडघे गेले म्हणून मागच्या वर्षी कायमचा घरी गेला. त्याच्या खाटेवर आता सागवानाच्या फळ्या वाळत पडलेल्या असतात. फळ्या घोरत नाहीत एवढाच फरक, असं नागेश म्हणतो.

बायकोला, कावेरीला, तो रोज संध्याकाळी फोन लावतो. जेवलास काय, जेवलंय, पाऊस आहे काय, नाही, इथे कुठला पाऊस, एवढं झालं की दोघांचं बोलणं संपतं. फोन मात्र संपत नाही. कावेरी तो चुलीशेजारच्या डब्याला टेकवून ठेवते आणि आपल्या कामाला लागते. नागेश इथे रंधा मारत गिर्येतल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकतो. लग्नाला जितकी वर्षं झाली त्यातली बहुतेक अशीच, आवाजावर, गेली आहेत. मिक्सर बिघडलेला त्याला तिच्याआधी कळतो.

या माणसाचे दोन नियम होते. दोन्ही बापाकडून आलेले.

पहिला असा, की होडी कागदावर बांधायची नाही, माणसावर बांधायची. गिर्येत होडीचा सांगाडा उभा राहिला की वडील तांडेलाला, म्हणजे होडी हाकणाऱ्याला, आत बसवत. बसून त्याचं डोकं कुठे येतं, पाय कुठे पुरतात, ते बघून फळी ठोकायची. नागेशच्या होड्यांत तांडेल मावत नाही, म्हणून त्याने लाकडाचा एक बसलेला माणूस कोरून ठेवला आहे. गुडघे वर, हात गुडघ्यांवर, बोटभर उंचीचा. मॉडेलचं प्रमाण बदललं की माणूसही बदलतो. असे चार-पाच जण खिडकीत ओळीने बसलेले असतात. जिथे म्हणून माणूस असायचा, तिथे आधी हा बसतो. तो बसला की मग फळी.

दुसरा नियम नारळाचा. होडी पुरी झाली की तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हळद-कुंकू लावायचं आणि समोर नारळ फोडायचा. नारळाशिवाय सोडलेली होडी माणूस मागते, असं वडील सांगत. हॉटेलच्या लॉबीतली होडी कुणाला मागणार, हे नागेशने स्वतःला कधी विचारलं नाही. तो नारळ फोडायचा, आणि फोडताना फोन जवळ धरायचा. तिकडून कावेरी विचारायची, "पुरी झाली?" तो हो म्हणायचा. या संसारात ज्याला सण म्हणता येईल, तो एवढाच.

केया आली ती रमजानच्या आधी. वय सव्वीस, जन्म शारजाचा, राहायला तिथल्याच अल नहदात आईवडिलांकडे, नोकरी प्रदर्शनं उभारणाऱ्या कंपनीत. तिच्या कंपनीकडे समुद्र आणि व्यापार यावरच्या एका मोठ्या प्रदर्शनाचं काम होतं, आणि त्यासाठी एक जुनं अमेरिकन जहाज हवं होतं, दोन डोलकाठ्यांचं, एक कूस उघडी ठेवलेलं, म्हणजे आतलं दिसेल. कुणीतरी नागेशचं नाव सांगितलं. डोंगरातल्या बोगद्यांमधून गाडी चालवत ती खोर फक्कानला पोचली आणि गाळ्याच्या दारात उभी राहून हिंदीत बोलू लागली. नागेशने दोन वाक्यं ऐकून घेतली आणि विचारलं, "कुठली गो तू?" ती म्हणाली, "ओरिजनली साताऱ्याची." सातारा तिने दोनदा पाहिला होता.

तेव्हापासून तो काका झाला आणि ती बाय. ती दर आठवड्याला फोटो काढायला यायची. फोटो त्याला फोनवरूनही पाठवता आले असते, हे त्याने तिला सांगितलं नाही. ती यायची त्या दिवशी तो फळ्या खाटेवरून उतरवून भिंतीला लावायचा आणि दोन कप घासून ठेवायचा. तिच्या मराठीत ऑफिस घुसलेलं, त्याच्या मराठीत मालवण. मधली जागा यल्ला, खलास असले अरबी शब्द भरून काढत.

जहाजाचा नकाशा इंग्रजीत होता. नागेश रेघा वाचतो, अक्षरं नाही. आत काय असायचं, असं त्याने विचारलं तेव्हा केया जरा थांबली आणि म्हणाली, "माणसं, काका. माणसं न्यायचे यातून." त्याने मान डोलावली. माणसं नेणारी जहाजं त्याला ठाऊक होती. त्याचा आजा तसल्याच एका आगबोटीने मुंबईला गेला होता.

काम सुरळीत चाललं. कणा बसला, बरगड्या उभ्या राहिल्या. मग मधला मजला आला. नकाशात डेकच्या खाली, भिंतीलगत, दोन्ही बाजूंना एक लांबलचक फळी होती. फळीवर माणसं, फळीखाली माणसं, असं केयाने सांगितलं होतं. नागेशने नेहमीप्रमाणे खिडकीतला माणूस उचलून फळीवर ठेवला. तो आत गेला नाही. डोकं वरच्या डेकला अडत होतं. फळीखाली ठेवून बघितला, तर फळीला अडला. नागेशने त्याची उंची पुन्हा मोजली, नकाशा पुन्हा मोजला, आणि तो नकाशा काढणाऱ्याला हसला. शिकलेली माणसं. एवढं सुंदर जहाज काढलं, आणि आतला माणूस बसणार कसा ते बघायचं राहून गेलं.

त्याने चूक दुरुस्त केली. वरचा डेक थोडा उचलला, खालचं कोठार थोडं दाबलं, कडेच्या फळ्या जास्त फुगवल्या. जहाज पोटुशीसारखं दिसू लागलं, पण माणूस बसला. मान सरळ ठेवून, आरामात. हे त्याने केयाला मुद्दाम सांगितलं नाही. सुताराने नकाशाची लाज चारचौघांत काढू नये, एवढी रीत त्याच्याकडे होती.

पुढच्या खेपेला केयाबरोबर तिची वरिष्ठ आली. एमान तिचं नाव, बांधा सडपातळ, बोलणं मोजकं, चष्मा डोक्यावर. तिने कातड्याच्या पिशवीतून स्टीलची पट्टी काढली, उघड्या कुशीतून आत घातली आणि आकडा वाचला. मग नकाशातला आकडा वाचला. मग केयाकडे पाहिलं. केयाने नागेशकडे पाहिलं. नागेशने अभिमानाने खिडकीतला माणूस उचलून फळीवर बसवून दाखवला.

एमान बराच वेळ त्या बसलेल्या माणसाकडे बघत राहिली. मग इंग्रजीत काहीतरी हळू बोलली आणि बाहेर जाऊन गाडीत बसली.

सांगायचं काम केयावर आलं. तिला ते मराठीत सांगायचं होतं, आणि तिच्या मराठीत आजवर असलं काही सांगायची वेळ आली नव्हती. ती म्हणाली की नकाशात चूक नाही. ती उंची तेवढीच होती. त्यांना बसवायचंच नव्हतं.

"मग?"

"झोपवायचे, काका. साइड बाय साइड. साखळीत. आठवडेच्या आठवडे. गुलाम होते ते."

नागेशने माणूस फळीवरून काढून हातात घेतला.

केयाने मग जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांत सांगितलं आणि प्रदर्शनाच्या पाट्यांवर ते जरा बऱ्या भाषेत लिहिलेलं आहे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, ऱ्होड आयलंड नावाच्या चिमुकल्या राज्यात, देवभीरू व्यापारी राहत. त्यांच्या भट्ट्यांत रम गाळली जाई. रमची पिंपं आफ्रिकेच्या किनाऱ्याला जात, तिथे पिंपांच्या बदल्यात माणसं मिळत, ती माणसं कॅरिबियन बेटांवर किंवा अमेरिकेच्या दक्षिणेत विकली जात, आणि उसाची काकवी घेऊन जहाज घरी येई. काकवीची पुन्हा रम. यात वाया काही जात नसे. व्यापाऱ्याने आफ्रिका पाहिलेली असायची गरज नव्हती. जहाजात हिस्से असत. पैसेवाला मोठा हिस्सा घेई, आणि गावातल्या छोट्या धंदेवाल्यांनाही छोटा हिस्सा घेता येई. रविवारी सगळे चर्चला जात. खलाशी बहुधा गरीब, मिळेल त्या जहाजावर चढलेले. त्यांच्यातलेही पुष्कळ त्या किनाऱ्यावर तापाने मरत, पण त्यांना निदान डेकवर उभं राहता येई. अठराशे आठ साली अमेरिकेने बाहेरून गुलाम आणायला बंदी केली. बातमी पोचायला वेळ लागला असावा, कारण पुढची पन्नासएक वर्षं अमेरिकन बांधणीची जहाजं, अमेरिकन झेंडा लावून, क्यूबाकडे माणसं वाहतच होती.

जहाजाचं नाव काय, असं नागेशने विचारलं. नाव नव्हतं. बऱ्याच जहाजांवरून तयार केलेला तो नमुना होता. दोषी कुणी एक ठरू नये, ही काळजी प्रदर्शनांना घ्यावी लागते. याच प्रदर्शनात इथल्या अरबी किनाऱ्यावर आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची एक पाटी होती. ती बाहेर जायच्या दाराजवळ, कुंडीच्या मागे.

त्यानंतर नागेशने आणखी एकच प्रश्न विचारला. फळ्या कुणी बसवल्या?

केयाला ते माहीत होतं, कारण पाटीचा मजकूर तिनेच जुळवला होता. जहाज घरून निघताना आत रमची पिंपं असायची. त्यामुळे मधला मजला घरी बांधत नसत. वाटेत, समुद्रावर किंवा आफ्रिकेच्या किनाऱ्याशी, पिंपं उतरली की जहाजावरचा सुतार तो बांधायचा.

"सुतार?"

"हो, काका. शिप्स कार्पेंटर. प्रत्येक जहाजावर एक असायचा."

चहा ठेवला होता, तो उतू गेला. इतका वेळ त्याच्या मनात कुणी नकाशावाला होता, पट्टी उलटी धरणारा, मापात चुकणारा. आता तिथे दुसराच कुणी उभा राहिला. हातात तेच रंधा-पटाशी, कानामागे तसलीच पेन्सिल. त्याने मोजून, बरोबर, एक बोटही वाया न घालवता ती फळी बसवली होती. त्यालाही बसलेला माणूस किती जागा घेतो ते ठाऊक असणारच. सुताराला ते ठाऊक असतंच.

"चुकला नव्हता तर तो," नागेश म्हणाला.

केया गेल्यावर त्याने वरचा डेक उखडला. डिंक पक्का बसला होता, त्यामुळे दोन बरगड्या मोडल्या आणि त्या पुन्हा कराव्या लागल्या. एका शुक्रवारी दुपारी, शेजारी सगळी दुकानं बंद असताना, त्याने दोन खुर्च्यांवर एक फळी ठेवली, नकाशातल्या खऱ्या उंचीला, आणि तिच्याखाली जाऊन आडवा झाला. त्याला कूस बदलायची होती. खांदा अडला. तो तसाच पडून राहिला, मग पायांनी सरकत बाहेर आला, खुर्च्या जागेवर ठेवल्या आणि कामाला लागला. फळी त्याने जिथे असायची तिथे बसवली. काम उत्तम झालं. नुसतं कारागिरी म्हणून बघायचं तर त्याच्या हातून आजवर एवढं चांगलं जहाज झालेलं नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात केयाचा फोन आला. तिने नारळाची गोष्ट ऑफिसात सांगितली होती आणि ती सगळ्यांना फार आवडली होती. एमानचं म्हणणं पडलं की नागेशने उद्घाटनालाच, पाहुण्यांसमोर, जहाजापुढे नारळ फोडावा. व्हिडिओ करता येईल. एका किनाऱ्याच्या कारागिराने दुसऱ्या किनाऱ्याच्या जहाजाला, वगैरे. केया उत्साहात होती. हे तिचं पहिलं मोठं काम होतं. नागेश म्हणाला, बघू. मराठीतला हा शब्द किती धोक्याचा आहे हे शारजात वाढलेल्या मुलीला कळायला वाव नव्हता. ती इन्शाल्ला समजून चालली.

बघू म्हणाला खरा, पण त्याला काहीच दिसेना. नारळ न फोडता त्याने आजवर एकही होडी गाळ्याबाहेर काढलेली नव्हती. आणि ही होडी तर, वडिलांच्या भाषेत, आधीच माणसं मागून बसलेली. फोडला नाही तर बापाचा शब्द मोडतो. फोडला तर कशाला फोडला, हे त्याच बापाला सांगता येत नाही. हारुन असता तर त्याने काहीतरी चावट बोलून गाठ सोडवली असती. नागेशने त्याला श्रीवर्धनला फोन लावला. हारुन दवाखान्याच्या रांगेत होता. ऐकू येत नव्हतं. गुडघ्यांचं बोलून दोघांनी फोन ठेवला.

उद्घाटन संध्याकाळी होतं. जहाज सकाळीच टेम्पोतून गेलं. हॉलमध्ये ते काचेच्या चौथऱ्यावर बसवून झाल्यावर नागेश इस्त्रीचा सदरा घालून कोपऱ्यात उभा राहिला. लोक कुशीतून आत वाकून बघत होते आणि लगेच सरळ होत होते. कुठल्याशा शाळेच्या इतिहासाच्या बाई त्याच्याजवळ आल्या आणि केयामार्फत, अगदी हळुवारपणे, विचारू लागल्या की इतक्या दूर, इतक्या लहान खोलीत राहून हे जहाज बनवताना एक स्थलांतरित कामगार म्हणून त्याला काय वाटलं. नागेशने प्रश्न नीट ऐकून घेतला.

"त्यांना सांग," तो केयाला म्हणाला, "मी तिकीट काढून आलंय. खाटेवर उठून बसतंय. जहाजात झोपवलेल्यांशी माझी बरोबरी लावू नका. त्यांचा अपमान होईल."

केयाने यातलं किती भाषांतर केलं ठाऊक नाही. बाईंनी हात जोडले.

मग पितळी ताट आलं. हळद, कुंकू, शेंडी ठेवलेला नारळ, आणि फोडायला एक गुळगुळीत दगड, तोही प्रदर्शनाच्या रंगसंगतीला जुळणारा. कॅमेरावाला गुडघ्यावर बसला. एमानने दोन वाक्यं बोलून हात पुढे केला. नागेश चौथऱ्याजवळ गेला, नाळेकडे बघत उभा राहिला आणि केयाला खुणेने जवळ बोलावलं.

त्या अमेरिकेतल्या लोकांकडे जहाज पाण्यात सोडताना काय करायचे, असं त्याने विचारलं. केयाने सांगितलं की बाटली फोडायचे, दारूची, पुढच्या टोकावर. प्रार्थना म्हणायचे.

"ह्या जहाजांवर पण?"

केयाने जरा विचार केला. "असणारच, काका. जहाज तर जहाजच."

"मग झालं तर. आशीर्वाद एकदा मिळालाय तिला. त्याच्यावरच तर ती एवढं सगळं करून आली. माझा आणखी कशाला?"

केया इंग्रजीत म्हणाली की सगळे थांबलेत. मग मराठीत म्हणाली, "काका, प्लीज. फक्त एक नारळ."

"तुका फोडायचा तर फोड. तू पण आपलीच. मी नाय म्हणणार नाही."

एमान जवळ आली होती. शब्द तिला कळले नसतील, पण तिने नागेशच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग जहाजाच्या उघड्या कुशीकडे. तिने केयाला विचारलं, तूच का नाही फोडत? विचारलं ते साधेपणानेच. केयाने नारळ उचलला. तिला तो कसा धरायचा ते माहीत नव्हतं. दोन्ही हातांत धरून ती थोडा वेळ उभी राहिली, वाकून आत बघितलं, आणि मग नारळ नागेशच्या खांद्याच्या पिशवीत घालून पिशवीची चेन लावली. कॅमेरावाल्याला ती म्हणाली, खलास. पाहुण्यांना वाटलं, विधी असाच असतो. काहींनी टाळ्याही वाजवल्या.

तिला पुढे ऑफिसात काय ऐकावं लागलं ते नागेशला कळलं नाही. त्या आठवड्यात ती आली नाही. पुढच्याही नाही. फोटो काढायला आता काही उरलंच नव्हतं. तिने एकदा फोनवर प्रदर्शनाचं चित्र पाठवलं आणि खाली हात जोडलेली खूण. त्यानेही हात जोडलेली खूण पाठवली. फळ्या परत हारुनच्या खाटेवर गेल्या.

नारळ मात्र त्याने उद्घाटनाच्या दुसऱ्याच संध्याकाळी पिशवीतून काढला होता. नागेशने फोन लावला, तिकडे कावेरीने तो डब्याला टेकवला. कुकर चढलेला होता. तिने चुलीवर काहीतरी ढवळलं, भांडं आपटलं. नागेशने नारळाची शेंडी सोलली आणि ओट्याच्या कडेवर तो फोडला. आवाज फोनमधून गिर्येला गेला.

ढवळणं थांबलं.

"पुरी झाली काय?" कावेरीने विचारलं. तिच्या आवाजात तोच वर्षावर्षांचा आनंद होता.

नागेश दोन्ही वाट्या हातात धरून उभा होता. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. खिडकीत गुडघ्यांवर हात ठेवून त्याची माणसं ओळीने बसली होती.

"होडी नाय गो," तो म्हणाला. "आमटीक फोडलंय."

तिकडे ढवळणं पुन्हा सुरू झालं. थोड्या वेळाने कुकरची शिट्टी झाली. त्याने खोबरं किसायला घेतलं.